कोड वाचला की कळतो, लिहायला बसलं की हात थांबतो. हात कसा बसवायचा?

माणदेशी_पोरगा | १२ जुलै, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी,

पहिल्यांदाच धागा काढतोय. मी आटपाडी भागातला. दहावीनंतर डिप्लोमा, मग डायरेक्ट सेकंड इयर, आणि आता कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. मार्क बरे आहेत, एकही केटी नाही. तरी एक गोष्ट वर्षभर आतल्या आत खातेय.

मला कोड लिहिता येत नाही.

वाचता येतो. लिंक्ड लिस्ट कुणी समजावली की समजते. व्हिडिओ बघताना पुढची ओळ काय येणार तेही कळतं. पण नवी फाइल उघडली, कर्सर लुकलुकायला लागला, की पहिली ओळ कुठली लिहायची तेच सुचत नाही.

मे महिन्यातल्या ओरलला एक्स्टर्नल सरांनी माझं मिनी प्रोजेक्ट बघितलं. लायब्ररीची सिस्टिम. निम्मं एका सीनियरच्या प्रोजेक्टमधलं, निम्मं चॅटजीपीटीकडून घेतलेलं. सर शांतपणे म्हणाले, "उशिरा आलेल्या पुस्तकाला रोज २ रुपये दंड लावतोस ना? आता रविवार सोडून लाव." वीस मिनिटं दिली. मी फाइल वरखाली करत बसलो. दंड नेमका कुठल्या फंक्शनमध्ये मोजला जातो तेच सापडेना. सर काही बोलले नाहीत, पुढच्या मुलाला बोलावलं. त्या दिवसापासून लॅपटॉप उघडायचीच धास्ती बसली आहे.

पुढच्या वर्षी प्लेसमेंट. घरी वडिलांना वाटतं, पोरगा कॉम्प्युटरवाला झाला. कोर्सची नावं नका सांगू, तीन कोर्स अर्धे पडलेत. हात कसा बसतो तेवढं सांगा.

---

हिंजवडीची_शेवटची_बस | १३ जुलै, सकाळी ७:१५

आधी एक सांगतो, तुला जे होतंय ते फार मुलांना होतं. चौदा वर्षं या कामात आहे, दरवर्षी नवीन मुलांच्या मुलाखती घेतो. दुसऱ्याचा कोड वाचून कळणं आणि स्वतः लिहिणं ही दोन वेगळी कामं आहेत. आईला भाकरी थापताना दहा वर्षं बघितलं म्हणून आपली भाकरी गोल होत नाही. पहिल्या वीस-पंचवीस तुटतातच.

आज रात्री एकच गणित कर. १००० पेक्षा लहान अशा, ३ किंवा ५ ने पूर्ण भाग जाणाऱ्या सगळ्या संख्यांची बेरीज. आधी वहीत १० पर्यंत हाताने कर: ३, ५, ६, ९, बेरीज २३. प्रोग्रामने १० साठी २३ दिलं की मगच १००० कडे जा.

उत्तर आधीच सांगून ठेवतो, २३३१६८. तुला २६६३३३ आलं तर १५, ३०, ४५ अशा संख्या तू दोनदा धरल्यास, एकदा ३ च्या पाढ्यात आणि एकदा ५ च्या. २३४१६८ आलं तर १००० स्वतःच मोजला गेलाय, लूप एक पाऊल पुढे गेलाय. चुकलेलं उत्तरसुद्धा चूक कुठे आहे ते सांगत असतं. ते ऐकायची सवय लागली की लॅपटॉपची धास्ती निम्मी होते.

आणि दुसरं, लायब्ररी सिस्टिम सोडून दे. तुला त्या लायब्ररीचं काही पडलेलं नाही. घरातला, गावातला एखादा हिशोब शोध, ज्यात उत्तर चुकलं तर कुणीतरी तुला लगेच विचारेल.

---

पाटी_पेन्सिल | १३ जुलै, दुपारी १:०५

मी पॉलिटेक्निकला शिकवते. थोडा दोष आमच्याकडेही आहे, तो आधी मान्य करते. प्रॅक्टिकलच्या नावाखाली जर्नल पूर्ण करून घेतलं जातं. मुलं मागच्या वर्षीचं जर्नल समोर ठेवतात, आउटपुटसकट उतरवतात, सही होते, विषय संपतो.

फॅक्टोरियलचंच घ्या. सगळ्यांच्या जर्नलमध्ये इनपुट ५, आउटपुट १२०, म्हणजे ५ × ४ × ३ × २ × १. तीन वर्षांपूर्वी एका बॅचला सांगितलं, "८ टाकून बघा." तेव्हा आमच्या लॅबमध्ये ती निळ्या पडद्याची टर्बो सीच होती, सी भाषेचा जुना कंपायलर. पडद्यावर आलं −२५२१६. वर्ग एकदम गप्प झाला. फॅक्टोरियल ऋण कसं येईल?

मग फळ्यावर मांडलं. टर्बो सी मध्ये इंट, म्हणजे पूर्णांक ठेवायची जागा, १६ बिटांचा, त्यात जास्तीत जास्त ३२७६७ मावतात. ८ चं फॅक्टोरियल ४०३२०. मावलं नाही, म्हणून उलटून पडलं. ४०३२० मधून ६५५३६ वजा करा, बरोबर −२५२१६. एका मुलीने दुसऱ्या दिवशी घरच्या लॅपटॉपवर जीसीसी या नव्या कंपायलरमध्ये हाच प्रोग्राम चालवला आणि सांगत आली, "मॅडम, तिथे १२ पर्यंत नीट येतं, १३ ला चुकतं." तिथे इंट ३२ बिटांचा. तिला कुणी सांगितलं नव्हतं, तिने १, २, ३ करत १३ पर्यंत स्वतः टाकून बघितलं होतं. त्या आठवड्यानंतर ती मुलगी लॅबमध्ये कुणाला काही विचारायच्या आधी स्वतः चालवून बघायला लागली.

तर बाळा, जुन्या जर्नलमधला एकेक प्रोग्राम काढ, न बघता लिही, आणि मग त्याला मोड. शून्य टाक, ऋण टाक, अक्षर टाक, खूप मोठा आकडा टाक. काय मोडतं ते वहीत लिहून ठेव.

---

नवा_जमाना | १३ जुलै, संध्याकाळी ६:३०

मला हे सगळं पटत नाही. आज एआय दोन मिनिटांत पूर्ण ॲप लिहून देतो. चार-पाच वर्षांनी हाताने कोड कोण लिहिणार? त्यापेक्षा एआयकडून काम नीट करून घ्यायला शिका, प्रोजेक्ट जास्त होतील, रेझ्युमे भरेल. फॅक्टोरियल घोकून नोकरी लागत नाही.

---

हिंजवडीची_शेवटची_बस | १३ जुलै, रात्री १०:२०

@नवा_जमाना, मी स्वतः ऑफिसात रोज एआय वापरतो, त्याला विरोध नाही. पण या पोराची अडचण धाग्यातच लिहिली आहे. कोड एआयने दिला होता, आणि "रविवार सोड" म्हटल्यावर कुठे हात घालायचा ते त्याला कळलं नाही. नोकरीत नव्वद टक्के वेळ तेच काम असतं, दुसऱ्याने लिहिलेल्या कोडमध्ये रविवार सोडणं.

आणि बरोबर दिसणारा कोड बरोबर असतोच असं नाही. जावाच्या स्वतःच्या लायब्ररीतल्या बायनरी सर्चमध्ये, म्हणजे क्रमाने लावलेल्या यादीत दरवेळी मधोमध बघून शोधायच्या कोडमध्ये, सुमारे नऊ वर्षं चूक होती. तो कोड लिहिणारे जोशुआ ब्लॉक यांनीच २००६ मध्ये हे जाहीरपणे मांडलं. मधल्या जागेचा क्रमांक काढताना खालचा आणि वरचा क्रमांक मिळवून दोनने भागला होता. यादी फार मोठी झाली की ती बेरीज २१४७४८३६४७ च्या पुढे जाते आणि ऋण होते. मॅडमच्या −२५२१६ ची हीच गोष्ट, फक्त ३२ बिटांत. जगभरातल्या जाणत्या लोकांच्या नजरेतून ती सुटली. ज्याने एकदा फॅक्टोरियल उलटून पडताना बघितलंय, त्याला एआयच्या कोडमध्ये तशी ओळ दिसली की तो थांबेल. ज्याने बघितलं नाही तो तशीच पुढे ढकलेल.

माझा नवीन मुलांसाठी एक नियम आहे. पहिला अर्धा तास एआय बंद. अडलास तर त्याला "कोड दे" म्हणू नकोस, "माझ्या या कोडमध्ये काय गृहीत धरलंय ते विचार मला" असं म्हण. आणि जी ओळ तुला मोठ्याने मराठीत सांगता येत नाही ती फाइलमध्ये ठेवायची नाही.

---

तिसरा_बाक | १४ जुलै, रात्री १२:१०

मी पण तिसऱ्या वर्षाला, आयटी. मुलींसाठी एक लिहायचं होतं, पण सगळ्यांनाच लागू पडेल.

आमच्या लॅबमध्ये एका पीसीवर तिघं. दोन सेमिस्टर मी मागे उभी राहून बघितलं. कीबोर्ड कायम एकाच मुलाकडे. तो वाईट नव्हता, पटापट टाइप करायचा, आणि आम्ही दोघी "हो, बरोबर" म्हणत वहीत उतरवायचो. प्रॅक्टिकल वेळेत संपायचं. मला वाटायचं मला येतंय. पहिल्यांदा एकटीवर वेळ आली तेव्हा कळलं की माझी बोटं त्या कीबोर्डवर कधी पडलीच नव्हती.

तिसऱ्या सेमिस्टरला पहिल्या दिवशी म्हटलं, "आज कीबोर्ड माझ्याकडे दे, तू सांग." प्रॅक्टिकल अर्धं राहिलं. सेमीकोलन विसरले, कंस जुळेनात, तो मागून "अगं वर बघ, वर" करत होता. खूप लाज वाटली. पण दर वीस मिनिटांनी कीबोर्ड बदलायचा असं आम्ही तिघांनी ठरवून टाकलं. दिवाळीपर्यंत एरर वाचायला मी सगळ्यात पुढे होते.

एररचं एक. तो लाल मजकूर बघून आपण घाबरून खिडकी बंद करतो. पायथॉनमध्ये सगळ्यात खालची ओळ आधी वाच, काय झालं ते तिथे असतं, आणि तिच्या वर फाइल आणि ओळ क्रमांक. सी मध्ये उलटं, सगळ्यात वरची पहिली एरर धर. एक कंस चुकला की खाली पंधरा एरर येतात, पहिली दुरुस्त केली की बाकीच्या बहुतेक जातात.

---

माणदेशी_पोरगा | २१ जुलै, रात्री ९:५०

सगळ्यांचे मनापासून आभार. आठवडाभर बसलो. दादा, पहिल्यांदा २६६३३३ च आलं. तुमचं वाक्य आठवलं आणि चूक स्वतः शोधली. रात्री दीड वाजला होता, पण इतकं बरं वाटलं की झोप येईना.

घरचा हिशोब सापडला, दुधाचा. आमच्या चार गाई आहेत. सकाळ-संध्याकाळ डेअरीला दूध जातं, फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) लागतो, त्यावर दर पडतो, पावती मिळते. पगार दर दहा दिवसांनी. वडील पावत्या एका डब्यात ठेवतात आणि आई बोटांवर मेळ घालते. मी पायथॉनमध्ये लिहिलं: तारीख, वेळ, लिटर, दर टाकायचे, दहा दिवसांची बेरीज मिळते. एआय न वापरता. चाळीस ओळी झाल्या.

अडचण अशी की १ ते १० जुलैचं डेअरीचं बिल आणि माझं बिल यात ४ पैशांचा फरक येतोय. वडील म्हणाले चार पैशांनी काय होतंय. पण मला झोप नाही.

---

हिंजवडीची_शेवटची_बस | २१ जुलै, रात्री १०:३५

शाब्बास! चार पैशांसाठी झोप न येणं हीच या कामाची सुरुवात आहे.

सरळ उत्तर देत नाही. दोन गोष्टी करून बघ. एक, पायथॉनमध्ये ०.१ आणि ०.२ ची बेरीज छाप. ०.३०००००००००००००००४ दिसेल. आपल्याला दशांशात एक तृतीयांश पूर्ण लिहिता येत नाही, ०.३३३ चालूच राहतं, तसा यंत्राला बायनरीत एक दशांश पूर्ण लिहिता येत नाही. मग राउंड वापरून २.६७५ दोन दशांशांपर्यंत आण. २.६८ येईल असं वाटेल, येतं २.६७. म्हणून पैसे फ्लोटमध्ये, म्हणजे अशा बायनरी अपूर्णांकात, ठेवू नयेत. दशांशात हिशोब करणारं पायथॉनचं डेसिमल मॉड्यूल वापर आणि त्याला आकडा मजकूर म्हणून दे.

दोन, डेअरीच्या पावत्या बाहेर काढ. प्रत्येक पावतीवर रक्कम किती दशांशांपर्यंत आहे बघ, आणि तू कुठे राउंड करतोस ते बघ.

---

माणदेशी_पोरगा | २२ जुलै, सकाळी ६:४०

सापडलं!! डेअरी प्रत्येक पावती पैशात राउंड करते आणि मग बेरीज मारते. मी सगळं जसंच्या तसं मिळवून शेवटी एकदाच राउंड करत होतो. दहा दिवसांच्या २० पावत्या, प्रत्येकीत जास्तीत जास्त अर्धा पैसा, म्हणजे फरक १० पैशांपर्यंतही जाऊ शकला असता. डेसिमल लावलं, पावतीगणिक राउंड केलं, बिल पैशाला पैसा जुळलं. जूनच्या पावत्याही टाकल्या, तिन्ही पगार जुळले. आईला दाखवलं. ती म्हणाली, "आता शेजारच्या काकूंचं पण करून दे."

---

गावाकडची_ओढ | २२ जुलै, रात्री ८:००

म्युनिकहून वाचतेय, मन भरून आलं. शेजारच्या काकू आल्या की नावं येतील, आणि नावं मराठीत येतील. म्हणून आधीच सांगते. पायथॉनला "श्री" या शब्दाची लांबी विचार. आपल्याला अक्षर एकच दिसतं, तो ४ सांगेल: श, हलन्त, र आणि दीर्घ वेलांटी. यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे अक्षरं साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत, यातला प्रत्येक ३ बाइटांचा, म्हणून सी मधलं लांबी मोजणारं एसटीआरलेन १२ सांगेल. म्हणजे लांबी मोजून मोकळ्या जागा भरल्या तर तुझे रकाने वाकडे होणार. नावं उलटी करायच्या त्या नेहमीच्या प्रोग्राममध्ये "नमस्ते" टाकून बघ, मात्रा अक्षराच्या आधी येऊन पडते. पुस्तकातली उदाहरणं सगळी इंग्रजी अक्षरांची असतात, म्हणून हे आपल्या मुलांना कुणी दाखवत नाही. रकान्यांसाठी सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली) बनव आणि ती स्प्रेडशीटमध्ये उघड, जागा तो सांभाळेल. आकडे मात्र देवनागरीत टाकले तरी चालतील, पायथॉनचं इंट "१२३" ला १२३ च समजतं.

---

माणदेशी_पोरगा | २ ऑगस्ट, रात्री ११:१५

ताई, रकाने खरंच वाकडे झाले होते, सीएसव्हीने सुटलं. पाच घरांचा हिशोब चालू आहे.

पण काल अडलो. जुलैची तीन बिलं यायला हवीत, प्रोग्रामने चार दिली. चौथ्यात एकाच दिवसाचं दूध. जूनला सगळं बरोबर होतं, तोच कोड, एक ओळ बदललेली नाही. काकूंनी विचारलं, "हे वेगळं बिल कसलं रे?" दहा दिवसांचा गट काढायला मी तारखेतून १ वजा करून १० ने पूर्णांक भागाकार करतोय.

---

पाटी_पेन्सिल | ३ ऑगस्ट, सकाळी ८:१०

कोड बंद कर, पाटी घे. या तारखांना तुझं सूत्र हाताने लाव: १, १०, ११, २०, २१, ३०, ३१. काठावरच्या तारखा आहेत या. शेजारी गट क्रमांक लिही. मग इथे सांग.

---

माणदेशी_पोरगा | ३ ऑगस्ट, सकाळी ८:३२

०, ०, १, १, २, २, ३. मॅडम!! ३१ तारीख. ३१ मधून १ गेला ३०, भागिले १०, तीन. जूनला ३१ तारीखच नव्हती म्हणून कळलं नाही. गट २ च्या वर जाऊच द्यायचा नाही एवढं केलं. या सातही तारखा आता एका वेगळ्या फाइलमध्ये टाकल्यात, कोड बदलला की आधी ती चालवतो. फेब्रुवारीच्या २८ आणि २९ पण घातल्या.

---

नवा_जमाना | ३ ऑगस्ट, दुपारी २:००

मी वर एआयबद्दल लिहिलं होतं. काल मुद्दाम हाच हिशोब एआयला मराठीत सांगून लिहून घेतला. मी फक्त "दर दहा दिवसांनी बिल" एवढंच सांगितलं होतं. त्यानेही ३१ तारखेचं चौथं बिल काढलं. ३१ तारीख तिसऱ्या पगारात जाते हे त्याला सांगायला हवं हे मलाच सुचलं नव्हतं. माझं मत थोडं बदललंय. ती काठावरच्या तारखांची फाइल इथे टाकशील का?

---

तिसरा_बाक | ३ ऑगस्ट, रात्री ९:२५

@माणदेशी_पोरगा, हे सगळं गिटमध्ये, म्हणजे कोडमधले बदल नोंदवून ठेवणाऱ्या साधनात, ठेवतोयस ना? प्रत्येक दुरुस्तीला वेगळा कमिट (नोंद) कर आणि संदेशात काय चुकलं होतं ते एका वाक्यात लिही. "३१ तारखेचं चौथं बिल येत होतं" असं. मुलाखतीत माझ्याकडे सांगायला काही नसायचं, आता मी कमिटची यादीच उघडून दाखवते आणि त्यावरच अर्धा तास बोलणं होतं.

---

माणदेशी_पोरगा | १६ ऑगस्ट, रात्री १०:४५

तारखांची फाइल कमिटसकट टाकली आहे, ताई.

आज लायब्ररीचं जुनं प्रोजेक्ट उघडलं. मे महिन्यानंतर पहिल्यांदा. दंडाचं फंक्शन शोधायला चाळीस मिनिटं लागली, कारण ते दोन ठिकाणी होतं, एकदा परत घेताना आणि एकदा अहवालात, आणि दोन्हीकडे वेगळं मोजलं होतं. आधी दोन्हीचं एक केलं. मग वहीत एक आठवडा आखला, शनिवारी द्यायचं पुस्तक सोमवारी आलं तर किती दंड, हाताने लिहिलं: २ रुपये. मग कोड. सगळं मिळून दोन तास दहा मिनिटं. रविवार सुटतोय.

आता गणपतीची, दिवाळीची सुट्टीही सोडायची आहे. त्या तारखा दरवर्षी बदलतात. कोडमध्ये लिहू की वेगळ्या फाइलमधून घेऊ?

---

हिंजवडीची_शेवटची_बस | १६ ऑगस्ट, रात्री ११:०५

फाइलमधून. आणि एखाद्या वर्षी ती फाइल भरायची राहून गेली तर प्रोग्रामने काय करायचं, ते आधी वहीत ठरव.

---

माणदेशी_पोरगा | १६ ऑगस्ट, रात्री ११:०९

वही उघडली, दादा.